कॅचरची हरवलेली दुपार

१

बाउदिलियो खेर्मोसेन भानावर आला तो एका बाईच्या किंकाळीने.

तो बेसबॉलच्या मैदानात, बॅट घेऊन उभं राहायच्या होम प्लेटच्या बाजूला, धुळीत फतकल मारून बसला होता. एका मांडीवर बॅट आडवी पडली होती. दुसऱ्या मांडीवर ओविदियो लाचापेलचं डोकं होतं. ओविदियोचे डोळे अर्धवट उघडे होते आणि कानशिलावर सुकलेल्या रक्तावर माशा बसल्या होत्या. ऊन असं होतं की कुंपणापलीकडचा ऊससुद्धा मान टाकून उभा होता.

"मास्तर, काय केलंत हे! अहो, काय करून बसलात!" किंचाळत होती ती निन्फा, अकादमीची स्वयंपाकीण. धुतलेली टेबलक्लॉथं कुंपणावर वाळत घालायला ती बाहेर आली होती. ती सगळी आता तिच्या पायाशी पडली होती.

बाउदिलियोने ओविदियोच्या चेहऱ्यावरून हात फिरवला. गाल गार होता, एवढ्या उन्हातसुद्धा.

"ओविदियो," तो म्हणाला. "ऊठ की लेका."

तेवढ्यात अकादमीचे मालक अपोलिनार धावत आले. मागोमाग वसतिगृहातली पोरं आली. कोणीतरी ओविदियोचा हात धरून पाहिला आणि छातीवर क्रूस काढला.

"सकाळीच भांडण झालं होतं दोघांचं," अपोलिनार सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मी तेव्हाच मध्ये पडायला हवं होतं. बाउदिलियो, अरे, तुझा कोंपाए होता तो! तुझ्या पोरीचा धर्मपिता!"

बाउदिलियोने मांडीवरच्या बॅटकडे पाहिलं. ती तिथे कशी आली ते त्याला आठवेना. सकाळी कॉफी घेतलेली आठवत होती. त्यानंतर काहीच नव्हतं. धुतलेल्या पाटीसारखी दुपार कोरी होती.

२

हे असं कोरं होणं नवीन नव्हतं. वीसेक वर्षं बाउदिलियोने प्लेटमागे उकिडवं बसून काढली होती. पूर्वेकडच्या त्रापिचेरोस संघाचा तो कॅचर, बॅटवाल्याच्या मागे बसून चेंडू झेलणारा. एक उन्हाळा वर उत्तरेत, मोठ्या लीगमध्येही खेळून आला. बॅटला चाटून उसळलेला चेंडू जाळीच्या मास्कवर आदळला की डोक्यात घंटा वाजायची, तो मान झटकायचा आणि पुन्हा बसायचा. कॅचरने तक्रार करायची नसते, हे त्याला पहिल्या दिवशीच शिकवलं होतं. गुडघे गेले, उजवा खांदा असा गेला की हात छातीच्या वर जाईना, बोटं वाकडीतिकडी झाली. पण या सगळ्याचं त्याला काही वाटलं नव्हतं. मग साठीच्या अलीकडेच डोकं गळायला लागलं. तिशीतल्या सामन्यातला प्रत्येक चेंडू आठवायचा, सकाळी कोण भेटलं ते आठवायचं नाही.

त्या प्रत्येक सामन्यात पलीकडे त्याच्याच संघाचा पिचर, चेंडू टाकणारा ओविदियो असायचा. डावखुरा, बारीक, तोंडाळ. निवृत्तीनंतर अपोलिनारच्या अकादमीत ओविदियोला पिचिंग शिकवायचं काम मिळालं, तेव्हा त्याने अट घातली होती: "बाउ येणार असेल तर मी येतो. मी याच्याशिवाय चेंडू टाकलेला नाही, शिकवणार कसा?"

आता पोलीस चौकीच्या बाकावर बसून बाउदिलियो स्वतःचं डोकं खरवडत होता. एखादा आवाज, एखादी सावली, काहीतरी हाताला लागावं म्हणून. काही लागत नव्हतं.

समोर इन्स्पेक्टर एर्मिनिया तेहेदा बसल्या होत्या. पन्नाशीची, ठेंगणी, चष्मा केसांत खोचलेली बाई. शेजारी बाउदिलियोची मुलगी दुल्से रडून रडून थकली होती.

"लिहून घ्या," बाउदिलियो म्हणाला. "मीच मारलं."

"बाबा!"

"तू गप्प बस. दुसरं कोण होतं तिथे? बॅट माझ्या मांडीवर होती. मला राग येतो हल्ली, तुला माहीत आहे. परवा मी तुझ्यावर ताट फेकलं म्हणतेस. मला ते तरी कुठे आठवतंय?"

दुल्सेने मान खाली घातली.

"का मारलंत?" एर्मिनियाबाईंनी विचारलं.

"माहीत नाही."

"कसं मारलंत?"

"बाई, मला माहीत असतं तर मी असा बसलो असतो का!" त्याचा आवाज फाटला. "मला त्याच्याबरोबर पुरा, नाहीतर आत टाका. पण मला उद्या सकाळी घरी उठवू नका. मी उठेन आणि त्याला हाक मारेन."

बाईंनी कॉफीचा पेला त्याच्यापुढे सरकवला. त्याने डावा हात पुढे केला, कळवळला आणि उजव्याने पेला उचलला.

"डाव्या हाताला काय झालं?"

त्याने तळहात पाहिला. पहिल्या बोटाच्या मुळाशी तळवा लालबुंद सुजला होता. "बॅट घट्ट धरली असेल."

"दाखवा दोन्ही हात." बाईंनी त्याचे हात पालथे-उलथे करून पाहिले, नाकाजवळ नेऊन हुंगलेसुद्धा. नुसती धूळ आणि घाम होता.

"ओविदियो काल-आज कुठे डांबराचं काम करत होते का?" त्यांनी दुल्सेला विचारलं.

"डांबर? काका? ते घरात खिळासुद्धा ठोकत नाहीत."

"त्यांचे दोन्ही तळवे काळे, चिकट आहेत," बाई स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या आणि उठल्या. "मास्तर, आज मी काही लिहून घेत नाही. उद्या सकाळी आपण मैदानावर जाऊ."

३

"माझं म्हणाल तर मी दुपारी आडवी होते," निन्फा म्हणाली. तिच्या स्वयंपाकघरात शेंगांच्या आमटीचा वास भरला होता, पण तिने कोणाला घ्या म्हटलं नाही. ती बाउदिलियोकडे बघायचं टाळत होती. त्याला ते सुईसारखं टोचत होतं. काल सकाळपर्यंत हीच बाई त्याच्यासाठी तळलेली केळी झाकून ठेवायची.

"भांडण ऐकलंत?"

"सगळ्यांनी ऐकलं. ओविदियो ओरडत होते, 'आज तू बसायचं नाहीस, बाउ! तुझ्या डोक्याचं काय झालंय बघ!' आणि हे म्हणत होते, 'मी नाही बसलो तर कोण बसणार?' मालक म्हणाले, मास्तरांना कामावरून काढा असं ओविदियो म्हणत होते. बसून खातात म्हणून."

बाउदिलियोचा चेहरा पडला. म्हणजे हे होतं तर! बसून खातो म्हणाला ओविदियो, आणि मी...

"काल काही वेगळं दिसलं का? काहीही चालेल."

"वेगळं काय दिसायचंय! जेवणाला लिंबू सरबत केलं मी, सगळ्या पोरांनी बर्फ घालून प्यायलं. नंतर ही पळापळ झाली, मालकांच्या घरची बाई चक्कर येऊन पडली. तिच्या डोक्यावर ठेवायला बर्फ काढायला गेले, तर पेटी रिकामी! एवढा बर्फ कोणी खाल्ला?"

"आणि मास्तर कसे दिसत होते, तुम्ही पाहिलंत तेव्हा?"

निन्फाने पहिल्यांदाच बाउदिलियोकडे पाहिलं. तिचे डोळे भरले. "वेड्यासारखे. कपाळावर, गालांवर, हनुवटीवर लाल वळ उठले होते. मला वाटलं दोघांची झटापट झाली. पण ते त्यांना थोपटत होते हो, बाई. लहान पोराला थोपटतात तसं."

४

अपोलिनारसाहेबांनी कचेरीत पंखा लावून दिला आणि स्वतः उभेच राहिले. उंचापुरा माणूस, गळ्यात सोन्याची साखळी, शर्ट परीटघडीचा.

"मी जेवून झोपलो होतो. किंकाळी ऐकून उठलो. बिचारा बाउदिलियो! मी त्याला दोष देत नाही हो. आजारी माणूस. कोर्टसुद्धा दया दाखवेल. लवकर मिटवा एवढंच म्हणतो. उद्या उत्तरेतल्या मोठ्या लीगचे पाहुणे येतायत, आमच्या क्लेउरिसचा करार आहे. असा पिचर या किनाऱ्यावर अनेक वर्षांत झाला नाही."

"त्याला भेटायचंय मला."

"त्याला कशाला? तो तर कोपर दुखावल्यापासून चेंडूला हात लावत नाहीये. पाहुण्यांसाठी जपून ठेवलाय."

क्लेउरिस दारातच उभा होता. एकोणीस वर्षांचा, ताडमाड, लांब बाह्यांचा शर्ट घातलेला. त्याने बाउदिलियोकडे पाहिलं आणि पटकन नजर वळवली.

"काल दुपारी कुठे होतास?" बाईंनी विचारलं.

"खोलीत. झोपलो होतो."

"ओविदियो चांगले होते का शिकवायला?"

"बापासारखे होते," तो म्हणाला आणि मालकांनी खांद्यावर हात ठेवताच गप्प झाला.

बाउदिलियोला राहवलं नाही. "पोरा, तू मला काल पाहिलंस का? कुठेही? मी काय करत होतो?"

"नाही मास्तर," क्लेउरिस कुजबुजला. "मी नाही पाहिलं."

कॅचरला पिचरचा चेहरा वाचता येतो. साठ फुटांवरून, मास्कच्या जाळीतून, ऐन उन्हातसुद्धा. बाउदिलियोला दिसलं की पोर खोटं बोलतंय. पण त्याने स्वतःलाच झिडकारलं. ज्याला आपली स्वतःची दुपार सांगता येत नाही, त्याने दुसऱ्याला खोटं ठरवावं?

५

सामानाच्या खोलीत चामड्याचा आणि बुरशीचा वास होता. बॅटा कोपऱ्यात, चेंडू टोपलीत. कॅचरचा ग्लोव्ह फळीवर. आणि मास्क भिंतीवर, उंच खिळ्याला टांगलेला.

"तुमचा का?" एर्मिनियाबाईंनी विचारलं.

"माझाच. पण माझी जागा ही नाही. माझा खालच्या खुंटीला असतो."

"काढा बघू."

त्याने उजवा हात वर केला. हात छातीपाशी अडकला. डावा वर नेला, टाचा उंचावल्या, तर गुडघ्याने दगा दिला आणि दुल्सेने त्याला सावरलं.

"नाही पोचत," तो शरमून म्हणाला.

बाई जवळजवळ हसल्या. मग त्यांनी टोपलीतला एक चेंडू उचलून त्याची लाल शिवण अंगठ्याने चाचपली. शिवाय एक बॅट उचलली, तिची मूठ धरली आणि सोडली, तर तळवा काळा झाला होता.

"हे काय लावता मुठीला?"

"राळ. बॅट हातातून निसटू नये म्हणून."

"सगळ्यांना मैदानावर बोलवा," बाई शिपायाला म्हणाल्या. "क्लेउरिसला पिचरच्या उंचवट्यावर उभं करा."

६

ऊन तापायला लागलं होतं. निन्फा, अपोलिनार, वसतिगृहातली पोरं कुंपणाशी उभी होती. बाउदिलियोला बाईंनी होम प्लेटमागे खुर्ची दिली होती. तो खुर्चीच्या कडेवर बसून शिपायाच्या कमरेच्या हातकड्यांकडे बघत होता.

"काल इथे बॅट कोणाच्या हातात होती?" एर्मिनियाबाईंनी विचारलं. "सगळे म्हणतात, मास्तरांच्या. पण मुठीवरची राळ मास्तरांच्या हाताला नाही. ती ओविदियोंच्या दोन्ही तळव्यांवर आहे. म्हणजे बॅट धरली होती ती मेलेल्या माणसाने. आता स्वतःच्या हातातल्या बॅटने कोणी आपल्या कानशिलात मारून घेत नाही. मग ते बॅट धरून काय करत होते? पिचरला सराव देताना समोर एक माणूस बॅट घेऊन नुसता उभा करतात, हो ना? नेम धरायला."

बाउदिलियोने मान वर केली.

"ते इथे उभे होते. तर मास्तर कुठे होते? निन्फाबाईंनी त्यांच्या कपाळावर, गालांवर, हनुवटीवर वळ पाहिले. गुद्द्यांचे वळ असे नेमके चौफेर उठत नाहीत. तो मास्कच्या गादीचा ठसा. डाव्या हाताचा तळवा सुजलाय, तोही बॅटने नाही. ज्या हातात ग्लोव्ह असतो तो हा हात. मास्तर प्लेटमागे बसले होते, चेंडू झेलत होते. सकाळचं भांडण आठवा. 'आज तू बसायचं नाहीस.' आपण ऐकणाऱ्यांनी त्याचा अर्थ लावला, बसून खाणं. कॅचरला बसणं म्हणजे काय असतं? ओविदियो त्यांना कामावरून काढत नव्हते. त्यांच्या डोक्याला आणखी मार बसू नये म्हणून अडवत होते."

दुल्सेच्या तोंडून हुंदका फुटला. बाउदिलियो खुर्चीत पुढे झुकला.

"एक बॅट धरून, एक झेलायला. तर चेंडू टाकत कोण होतं?" बाई वळल्या. "जेवणानंतर पेटीतला सगळा बर्फ नाहीसा झाला. इथे बर्फात हात कोण बुडवतं, ते या पोरांना विचारा. पिचर, तोसुद्धा चेंडू टाकून झाल्यावर. क्लेउरिस, बाही वर कर."

क्लेउरिसने बाही वर केली नाही. तो उभ्या जागी उंचवट्यावर खाली बसला, जसं पोतं बसावं, आणि त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"मी मुद्दाम नाही टाकला," तो ओरडला. "कोपरात कळ आली. चेंडू सुटला हातातून!"

"पोरा, तोंड बंद ठेव," अपोलिनार गरजले.

"तुम्ही ठेवा," एर्मिनियाबाई म्हणाल्या. "साहेब, ओविदियोंच्या कानशिलावरची ती जखम चेंडूची. डॉक्टर म्हणाले बारीक टाक्यांसारखी रांग उठलीय, मला तेव्हा कळेना, चेंडूची शिवण पाहिल्यावर कळलं. चेंडूने जीव गेला तर तो अपघात झाला असता. कोणी तुरुंगात गेलं नसतं. पण कोपर दुखतंय हे पाहुण्यांना कळलं असतं. म्हणून सगळे झोपलेले असताना तुम्ही चोरून त्याची परीक्षा घेत होतात, कोपर टिकतंय का ते बघायला. चेंडू लागल्यावर तुम्ही मास्तरांच्या तोंडावरचा मास्क काढलात, ग्लोव्ह काढलात, नेऊन ठेवलात. सवयीने उंच खिळ्याला अडकवलात, कारण तुमचा हात पोचतो. या दोघांशिवाय आणखी कोणी इथे होतं हे मला त्या खिळ्याने सांगितलं. बॅट यांच्या मांडीवर ठेवलीत. तुम्हाला माहीत होतं, यांना काही आठवणार नाही."

अपोलिनारांच्या शर्टावर घामाचे डाग वाढत होते. "मी घाबरलो होतो. तो तसाही मेलाच होता!"

"नव्हते मेले!" क्लेउरिस किंचाळला. "बोलत होते! मास्तर 'डॉक्टर, डॉक्टर' असं ओरडत होते. साहेब म्हणाले, बोलावलाय, येतोय, हलू नका. आणि मला ओढत खोलीत घेऊन गेले. माझी खिडकी प्लेटच्या मागेच आहे, मी तिथून बघत होतो, ऐकत होतो. डॉक्टर आलाच नाही. मास्तर रस्त्याकडे बघत बसले होते. मी... मी बाहेर आलो नाही."

कुंपणाशी उभ्या पोरांनी टोप्या काढल्या.

"डॉक्टरांचं म्हणणं आहे की मार लागल्यावर ते बराच वेळ जिवंत होते," एर्मिनियाबाई हलकेच म्हणाल्या. "वेळेत नेलं असतं तर कदाचित वाचले असते. साहेब, त्यांना चेंडूने मारलं नाही. चला."

शिपायाने कमरेच्या हातकड्या काढून अपोलिनारांच्या हातात घातल्या. निन्फा पुढे झाली, तिने बाउदिलियोचा सुजलेला हात दोन्ही हातांत घेतला.

बाउदिलियोने तो हळूच सोडवून घेतला आणि तो उठला. गुडघे करकरले. प्लेटपासून उंचवट्यापर्यंत तो चालत गेला. आयुष्यात शेकडो वेळा, कोलमडलेल्या पिचरकडे जसा गेला होता तसाच. क्लेउरिसने अंग चोरलं, मार बसणार म्हणून.

बाउदिलियो त्याच्या शेजारी धुळीत बसला.

"तो काय बोलत होता?" त्याने विचारलं. "तू म्हणालास तो बोलत होता. मला नाही आठवत. काय म्हणाला?"

पोराने सांगायचा प्रयत्न केला, पण रडण्यापुढे त्याला बोलता येईना. मग शिपाई त्याला जबानीला घेऊन गेला.

७

क्लेउरिसला सोडून दिलं. पाहुणे आले तसे परत गेले. त्याचं कोपर कायमचं गेलं होतं आणि तो आता धक्क्यावर गोणी मोजायच्या कामाला लागला होता. अकादमीच्या फाटकाला कुलूप होतं.

एका रविवारी चर्चमधली मिसा आटोपून तो दुल्सेच्या दारात आला. बाउदिलियो ओसरीत डोमिनोच्या सोंगट्या लावत बसला होता, दोन माणसांसाठी. खटल्याचे दिवस त्याच्या डोक्यातून वाहून गेले होते. जाता जाता आणखीही बरंच घेऊन गेले होते.

"अरे, ये ये," तो म्हणाला. "ओविदियो नाही आला बरोबर? कधीचा वाट बघतोय."

क्लेउरिसने दुल्सेकडे पाहिलं. ती दाराच्या चौकटीला टेकली होती. तिने मान हलवली: नको. ती रोज सांगत होती, काका राजधानीला गेलेत, लेकाकडे. खरं सांगितलं की बाबा पहिल्यांदा ऐकल्यासारखे कोसळायचे. रोज कोण कोसळवणार?

क्लेउरिस ओसरीची पायरी चढला.

"ताई, मी एकदा खिडकीत गप्प बसलो," तो अखेर म्हणाला. "आता मला नाही जमणार."

तो बाउदिलियोच्या समोर बसला आणि त्याने सांगितलं. चेंडू, कोपर, डॉक्टर, सगळं. बाउदिलियोचा चेहरा त्याच्या डोळ्यांदेखत म्हातारा होत गेला. सोंगट्या हाताच्या धक्क्याने जमिनीवर विखुरल्या. दुल्से आत जाऊन तोंडात पदराएवढा रुमाल कोंबून रडली.

पुष्कळ वेळाने बाउदिलियोने तोंड पुसलं. "काही बोलला का तो?"

"हो. तुम्ही त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. ते म्हणाले, 'बाउ, कितवी इनिंग आहे रे?' तुम्ही म्हणालात, 'शेवटची.' ते म्हणाले, 'कोण पुढे आहे?' तुम्ही म्हणालात, 'आपण.'"

"मग?"

"मग ते म्हणाले, 'तर मी जरा पडतो.' तुम्ही त्यांना थोपटत राहिलात."

बाउदिलियो समोरच्या रस्त्याकडे बघत होता. कोपऱ्यावरच्या दुकानात रेडिओवर कुठलासा सामना लागला होता, माणसं ओरडत होती.

"कुठली मॅच ते बोलला का?"

"नाही."

"मग जिंकलोच असं धरू," बाउदिलियो म्हणाला. "नाव घेतलं असतं तर हरलो की जिंकलो ते मला आठवलं असतं. बऱ्याच हरलोयत आम्ही."

पुढच्या रविवारी क्लेउरिस आला तेव्हा बाउदिलियोने ओसरीतूनच हात केला.

"एकटाच आलास? ओविदियो कुठे राहिला?"

क्लेउरिसने चपला काढल्या आणि खुर्ची जवळ ओढली. दुल्सेने या वेळी मान हलवली नाही. ती बापाच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली आणि तिने दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर ठेवले.